गाठी बघणे

बुधवार, १४ सप्टेंबर १९६६. सकाळपासून ऊन. रेशनवर गहू नाही, अमेरिकेची मायलो ज्वारी मिळाली. हे दिल्लीहून पहाटे आले, अंघोळ करून केंद्रात गेले, दुपारी परत आले. जेवले नाहीत. पिराजीने सोयाबीनच्या सर्व मुळांवरच्या गाठी खुडून टाकल्या आहेत. संध्याकाळी धोबी येऊन गेला. उशीचा एक अभ्रा कमी.

त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. बेळगावच्या कॉन्व्हेंटात आम्हाला रोजनिशी लिहायला लावणाऱ्या सिस्टर सांगायच्या, काय घडले ते लिहा, काय वाटले ते लिहू नका, वाटलेले दुसऱ्या दिवशी बदलते. ती सवय मला अजून आहे. पिराजीबद्दल लिहायला ती बरी पडते, कारण त्याला काय वाटत होते ते तो कोणाला सांगत नसे.

माझे यजमान विद्याधर बंगळूरच्या उत्तरेला, येलहंका रस्त्यावरच्या एका शेतकी संशोधन केंद्रात मातीचे काम करत. पिराजी तिथे रोजंदारीवर होता. उंच, खांद्यात थोडा वाकलेला, चाळिशी ओलांडलेला माणूस. मूळचा निपाणीकडचा. बंगळूरच्याच शिवाजीनगरला कल्लाप्पा नावाच्या त्याच्या चुलतभावाचे पत्र्याच्या ट्रंका करण्याचे दुकान होते. रात्री तो त्या दुकानात, ट्रंकांच्या मधल्या जागेत झोपे. सकाळी बसने केंद्रात येई. पहिली काही वर्षे तो नाचणीच्या शेतात होता. १९६६ च्या पावसाळ्यात यांनी त्याला आपल्या कुंड्यांच्या कामावर मागून घेतले.

मागून घेण्याचे कारण मराठी. यांचे कन्नड बाजारापुरते होते. दुसऱ्या गड्यांना काही सांगायचे तर हे अडखळत सांगत, मग पुन्हा सांगत, मग खाली बसून स्वतःच्या हाताने करून दाखवत. पिराजीला एकदा सांगितले की झाले. हे घरी येऊन म्हणत, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला दुभाष्याशिवाय काम करता येते आहे.

सोयाबीन त्या वेळी आमच्याकडे कोणी पाहिलेले नव्हते. अमेरिकेहून थोडे बी आले होते आणि त्याच्याबरोबर काळ्या भुकटीच्या पिशव्या. त्या भुकटीत जंतू होते. बी गुळाच्या पाण्याने ओले करायचे, त्याला ती भुकटी चोळायची आणि सावलीत सुकवून पेरायचे. ते जंतू मुळात शिरतात, मुळावर मोहरीएवढ्या, वाटाण्याएवढ्या गाठी येतात, आणि त्या गाठींच्या आत हवेतला नत्र झाडाला घेता येईल असा तयार होतो. म्हणून या पिकाला नत्राचे खत फारसे लागत नाही. यांचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. गाठीतल्या जंतूंना हे काम करायला झाड आपली साखर पुरवते, पण ती साखर तयार व्हायला आणि कामी यायला स्फुरद लागते, आणि आपल्या तांबड्या मातीत स्फुरद कमी. जे घालावे त्यातलेही बरेचसे माती धरून ठेवते, झाडाला देत नाही. तेव्हा जंतू सगळ्यांना सारखे दिले आणि स्फुरद कमीजास्त दिले, तर गाठींचे काय होते? कुंड्यांची पहिली ओळ नुसत्या मातीची. पुढच्या प्रत्येक ओळीत स्फुरदाचे खत, सुपर फॉस्फेट, वाढत गेलेले. गडी त्याला नुसते सुपर म्हणत. फुले धरली की झाडे उपटायची, मुळे धुवायची, गाठी मोजायच्या, कापून आतला रंग पाहायचा, वाळवून वजन करायचे. हे सगळे मला जेवताना ऐकून पाठ झाले होते.

पिराजी रविवारी कधीकधी आमच्या मल्लेश्वरमच्या घरी येई. मागच्या अंगणातले गवत काढी, कढीलिंबाला आळे करी, आणि पायरीवर बसून चहा घेई. मला अक्का म्हणे. एकदा त्याने केंद्रातले उरलेले मूठभर सोयाबीन आणून दिले. मी रात्रभर भिजवून उसळ केली. दाणे शिजता शिजेनात आणि वास असा, की हे ताट बाजूला सारून म्हणाले, संशोधनाचा विषय म्हणून ठीक आहे. पिराजीने मात्र सगळी खाल्ली. बरी झाली का म्हणून विचारले तर म्हणाला, "खाल्ली की अक्का." त्याच्या बोलण्यात बरे आणि वाईट फारसे येत नसे.

त्याच रविवारांत तुकड्यातुकड्यांनी त्याचे मागचे कळले. गावाकडे तो तंबाखूची रोपे तयार करून विकत असे. शेत म्हणण्यासारखे नव्हते, विहिरीजवळचे चार वाफे. तंबाखूच्या रोपाच्या मुळावर गाठी असल्या तर तो रोग. अशी रोपे शेतात गेली की पीकही जाते आणि जमीनही बिघडते. म्हणून गिऱ्हाईक आले की मूठभर रोपे उपटून, माती झटकून, मुळे उजेडात धरून पाहणार. याला त्यांच्याकडे गाठी बघणे म्हणत. गाठी बघायच्या म्हणजे शोधायच्या आणि गाठीचे रोप निवडून टाकायचे. पिराजी गिऱ्हाईक यायच्या आधीच गाठी बघून ठेवी. आजूबाजूच्या गावांत त्याचे त्यासाठी नाव होते.

१९५९ साली त्याच्या सगळ्या वाफ्यांत गाठी निघाल्या. मुळे वरवर धुऊन, गाठी नखाने खुडून रोपे विकता आली असती, दुसरे लोक तशी विकत. बायको गंगव्वा म्हणाली, या साली विका, पुढच्या साली वाफे बदलू. त्याने ऐकले नाही. सगळी रोपे उपटून वाळवली आणि जाळली. त्याच पावसाळ्यात गंगव्वाला ताप आला. तो उतरेना. मिरजेच्या मिशन दवाखान्यात न्यायला हवे होते, आणि त्या साली हातात काही नव्हते. ती गेली. मुलगी ठकू तेव्हा सात वर्षांची.

हे त्याने मला आळ्यातली माती सारखी करता करता सांगितले. मग विचारले, कढीलिंबाला शेण घालू का. मी घाल म्हटले.

ठकूला तिच्या मामाने, ज्योतिबाने, आपल्या घरी नेले. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याची जीभ चाले. बहीण गेल्याचे त्याने पिराजीला कधी माफ केले नाही. "दाजी, रोपं तुमी जाळायची आणि पोर आमी संभाळायची," असे तो चारचौघांत म्हणे. त्यावर काही बोलता येत नसल्याने पिराजी गाव सोडून बंगळूरला आला.

१९६६ च्या त्या पावसाळ्यात ज्योतिबाने निरोप धाडला होता. ठकूला चौदावे संपत आले. दिवाळीनंतर घर करा आणि पोर घेऊन जा, नाहीतर उन्हाळ्यात मी तिचे उरकून टाकतो, स्थळ तयार आहे. आणि त्याच वर्षी केंद्रात रोजंदारीच्या काही माणसांना कायम करायचे ठरले होते. कायम झालेल्याला गोठ्यामागच्या चाळीत एक खोली मिळे. ट्रंकांच्या दुकानात वयात येणारी मुलगी ठेवता येत नव्हती. खोलीत ठेवता आली असती. पिराजीला हवे होते ते एवढेच. यांनी त्याचे नाव यादीत पहिले दिले होते. त्याने मला विचारले होते, पोरगी आली तर अक्का तिला शिवणकाम शिकवाल का. मी हो म्हटले होते.

ऑगस्ट संपताना यांना दिल्लीला जावे लागले. फुले धरत आली होती. जाताना यांनी पिराजीला सांगितले, फुले धरली की झाडे उपट, मुळे अगदी स्वच्छ धू, मातीचा कण राहू देऊ नकोस, आणि गाठी बघून ठेव. मी आलो की पुढचे करू. यांच्या मनात होते, धुताना गाठींकडे लक्ष ठेव, गळू देऊ नकोस. कन्नडमध्ये सांगायचे असते तर यांना दहा वाक्ये लागली असती आणि एक गाठ हातात धरून दाखवावी लागली असती. मराठीत चार शब्दांत भागले. पिराजी म्हणाला, व्हय सायेब.

हे परत आले तेव्हा सगळी मुळे वर्तमानपत्रांवर ओळीने मांडलेली होती. प्रत्येकीखाली कुंडीची चिठ्ठी. पांढरी, सरळ, शेवयांसारखी मुळे.

पुढचे बोलणे यांनी मला दोनदा सांगितले, दोन्ही वेळा तसेच.

"पिराजी, गाठी कुठे आहेत?"

"काडल्या की सायेब."

"सगळ्या?"

"एक ऱ्हाऊ दिली न्हाई. झाडं टाकायची म्हटलं तर तुमची इतक्या लांबची झाडं. म्हून नुसत्या गाठी खुडल्या." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "सुपरच्या कुंड्यांत रोग लई हुता, सायेब. जेवढं सुपर जास्त, तेवढ्या गाठी जास्त. तुमाला कुणी नाव ठेवंल म्हून म्या कुणाला बोललो न्हाई."

"आणि टाकल्यास कुठे?"

"जाळल्या. जाळायच्या असत्यात."

हे तसेच निघाले. घरी आले आणि पलंगावर पडून राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, मला जे सिद्ध करायचे होते ते त्याने एका वाक्यात सांगितले. फक्त मोजायला काही ठेवले नाही.

बी संपले होते. नवीन बी येऊन पुढचा पावसाळा लागेपर्यंत काही करता येण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या दिवशी यांनी पिराजीला बसवून सगळे समजावून सांगितले. की या गाठी रोग नव्हेत, त्यांच्यासाठीच सगळा खटाटोप होता. त्याने ऐकून घेतले. मान खाली होती. मग उठून कुंड्या घासायला गेला. आठवड्याभरात सगळ्या केंद्राला कळले. गडी त्याला विचारू लागले, काय पिराजी, आज कोणाची हजामत? कल्लाप्पाही ट्रंकेवर हातोडी मारता मारता सगळ्यांना सांगे, आमच्या पिराजीला सरकारने मुळे धुवायला ठेवले, याने मुळांची हजामत करून ठेवली. पिराजी चिडत नसे. चिडला असता तर त्यांना मजा आली असती. तो चिडला नाही म्हणून थोड्या दिवसांनी ते थांबले.

केंद्राचे प्रमुख शेषगिरी राव म्हणून होते. कामाला चोख, बोलायला कोरडे. वर दिल्लीला अहवाल जायचा होता. हे त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, आकडे नाहीत, पण गड्याने डोळ्यांनी पाहिले आहे, सुपरच्या ओळींत गाठी लई होत्या. शेषगिरींनी विचारले, "लई म्हणजे दर झाडाला किती? आणि हे माप कोणत्या देशात चालते?" हे हसले आणि मग हसायचे थांबले. मला सांगतानाही तसेच झाले.

अहवालात कारण द्यावे लागणार होते. यांनी लिहून दिले, माझ्या सूचनेतला शब्द संदिग्ध होता; मजुराने आपल्या भागातल्या प्रथेप्रमाणे त्याचा अर्थ घेतला आणि मुळांवरच्या गाठी काढून टाकल्या. शेषगिरींनी पहिला भाग खोडला. शास्त्रज्ञाची सूचना संदिग्ध होती असे दिल्लीला कळवले तर पुढच्या वर्षी बी येणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. प्रथेचा भागही खोडला. त्याचा विषयाशी संबंध नाही. उरले एवढेच, की मजुराने मुळांवरच्या गाठी काढून टाकल्या. त्यात खोटे काही नव्हते. यांनी सही केली.

दिवाळीनंतर कायम करायच्या माणसांची निवड झाली. निवडणाऱ्यांसमोर तो अहवाल होता. नाव त्यात नव्हते, पण कुंड्यांवर मजूर एकच होता. पिराजीचे नाव गळले. यांनी शेषगिरींशी वाद घातला, आवाज चढवून घातला, असे मला नंतर दुसऱ्यांकडून कळले. शेषगिरी म्हणाले, माणूस चांगला आहे हे मला माहीत आहे, पण या वर्षी मी त्याचे नाव पुढे केले तर पहिला प्रश्न मला विचारतील. पुढे बघू.

पिराजीला हे यांनीच सांगितले, आमच्या घरी, रविवारी. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा सांगून झाले होते. पिराजी पायरीवर बसला होता. यांच्याकडे न बघता तो म्हणाला, "सरी, सायेब." इतकी वर्षे कन्नड मुलखात राहून आमच्याशी बोलताना तो एकही कन्नड शब्द वापरत नसे. त्या दिवशी तेवढा एक, बरे या अर्थाचा, वापरला. मग त्याने चहा घेतला, कप धुऊन पालथा घातला आणि गेला.

ज्योतिबाला आणखी वर्षभर थांबायला सांग, असे मी त्याला पुढच्या रविवारी म्हटले. तो म्हणाला, सांगितले होते. एका वर्षापूर्वीही सांगितले होते. "त्याचं बी चुकीचं न्हाई अक्का. पोर त्येच्या दारात हाय, लोकं त्येला इचारत्यात." आमच्या घरी ठकूला ठेवण्याचाही विषय निघाला. आमचे घर दोन खोल्यांचे. सासूबाई त्या वर्षी अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि पुढच्या खोलीत त्यांचा पलंग होता. तरी मी विचारले. पिराजीने नको म्हटले. दुसऱ्याच्या घरातून काढून दुसऱ्याच्या घरात कशाला, एवढेच म्हणाला.

१९६७ च्या मे महिन्यात ठकूचे लग्न झाले. नवरा संकेश्वरकडचा, वयाने बराच मोठा, बिजवर. पिराजी रजा घेऊन गेला आणि लग्न लागल्याच्या दुसऱ्या दिवशी परत आला. मी पोरीसाठी एक लुगडे आणि खण दिला होता. आवडला का विचारले. म्हणाला, तिला द्यायला मिळाला नाही, बायकांच्यात होती, मामीकडे दिला. ठकू काय म्हणाली, असे विचारायचे माझ्या तोंडावर आले होते. मी विचारले नाही.

जूनमध्ये बी आले. कुंड्या पुन्हा भरल्या. कुंड्यांच्या कामावर यांनी पिराजीलाच ठेवले. शेषगिरींनी भुवया वर केल्या, पण अडवले नाही. या वेळी यांनी एक साधे काम केले. झाडे लहान असतानाच एक जादा रोप उपटून, पिराजीच्या तळहातावर ठेवून, प्रत्येक गाठीवर बोट ठेवून दाखवले. मराठी असूनही सगळे हाताने करून दाखवले.

ऑगस्टअखेर मुळे काढायच्या दिवशी मी यांचा डबा घेऊन केंद्रात गेले होते. घाईत यांचा डबा घरी राहिला होता. पत्र्याच्या शेडमध्ये पाण्याचे टप मांडलेले होते. पिराजी पाण्याखालीच मुळे हलवून माती सोडवत होता, बोट न लावता. पहिल्या ओळीतली, सुपर नसलेली मुळे यांनी मला दाखवली. तुरळक गाठी, बारीक, आणि ब्लेडने कापल्या की आतून फिक्या, काही हिरवट. झाडांची पानेही पिवळसर होती. मग शेवटच्या ओळीतली. मुळाचा वरचा भाग गाठींनी लगडलेला होता. यांनी एक कापली. आतून गुलाबी, ताज्या जखमेसारखी. हे म्हणाले, हा रंग म्हणजे काम चालू आहे. जंतू दोन्हीकडे सारखेच टाकले होते. पण स्फुरद नाही तिथे झाड स्वतःच उपाशी, ते जंतूंना काय देणार.

पिराजीने ब्लेड मागून घेतले. त्याने स्वतः एक गाठ कापली, मग दुसरी. दोन्ही कापलेल्या गाठी बोटांवर घेऊन पाहत राहिला. आम्ही वजनाच्या कागदांकडे वळलो होतो. तेव्हा तो मागून म्हणाला, "सायेब, एक इचारू?"

हे म्हणाले, विचार.

"आमच्या तंबाखूच्या गाठी. त्या बी अशाच हुत्या का?"

यांना पहिल्यांदा कळले नाही. मला कळले. 

"म्हंजे, म्या जाळली ती रोपं चांगली हुती का? उगाच जाळली का?"

हे टपाजवळ गेले आणि त्याच्यासमोर उकिडवे बसले. सगळे आयुष्य यांना माणसांशी बोलायला वेळ लागे, पण त्या दिवशी लागला नाही. "नाही पिराजी. तंबाखूच्या मुळावरच्या गाठी डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांच्या असतात. ते मूळ आतून खातात. तो रोगच. त्या कापल्या तर आत असा रंग नसतो. तू जाळलीस ते बरोबर केलेस."

"नक्की?"

"नक्की."

"विकली असती तर?"

"तर घेणाऱ्यांची शेते बिघडली असती."

पिराजीने मान हलवली. हातातल्या दोन कापलेल्या गाठी त्याने त्या त्या कुंडीच्या चिठ्ठीवर नीट ठेवल्या, कारण त्या मोजायच्या होत्या. मग पुढचे मूळ पाण्यात सोडले. त्याच्या तोंडावर सुटका झाली असे काही मला दिसले नाही. गंगव्वा गेली होती, मिरज तेवढीच लांब होती, आणि रोपे जाळणे बरोबर होते. तिन्ही गोष्टी आता एकाच वेळी खऱ्या होत्या. घरी येताना बसमध्ये मी त्याचाच विचार करत होते. रोजनिशीत मी लिहिले, डबा पोचवला, मुळे पाहिली.

त्या वर्षीचे आकडे चांगले आले. पहिल्या ओळीपासून सुपर जसे वाढले तशा गाठी आणि त्यांचे वजन वाढत गेले, आणि झाडातला नत्रही. एका ठरावीक मात्रेनंतर ते वाढणे थांबले. दिल्लीहून पत्र आले. शेषगिरींनी ते सगळ्यांना वाचून दाखवले आणि मग स्वतः होऊन पिराजीचे नाव पाठवले. या वेळी कोणी काही विचारले नाही. वर्ष सरता सरता तो कायम झाला.

सोमवार, ८ जानेवारी १९६८ ला तो आमच्याकडे आला. कामाचा दिवस, पण त्याला अर्धी रजा मिळाली होती. हे घरीच होते, ताप होता. पिराजीने खिशातून खोलीची किल्ली काढून यांच्यासमोर ठेवली. नवी, पितळी किल्ली. मी म्हटले, गूळ तरी खा. त्याने खाल्ला.

मग त्याने यांना विचारले, ही खोली दुसऱ्याच्या नावावर करता येईल का. गोठ्यावर काम करणारा एक गडी आहे, त्याला चार लेकरे आहेत, तो पलीकडे झोपडीत राहतो, पावसात पाणी शिरते.

हे म्हणाले, खोली तुला मिळाली आहे, तू राहा. दोन वर्षे हिच्यासाठीच थांबला होतास.

"न्हाई सायेब," तो म्हणाला. "मी ट्रंकांत झोपतो. सवय झालीया."

"ठकू येईल कधी तरी. बाळंतपणाला येईल. तेव्हा घर लागेल की."

"तिचं म्हायेर मामाकडं हाय," पिराजी म्हणाला. "तिनं मला गेल्या म्हयन्यात सांगावा धाडलाय. सासरी सगळं बरं हाय म्हनून. आनि येऊ नगा म्हनून." मग त्याने पुढे जोडले, "तिचा नवरा तंबाखूच करतो. रोपं इकत घेतो. मी गाठी बघून देतो म्हटलं हुतं."

 यांनी किल्ली उचलली आणि म्हणाले, शेषगिरींना विचारतो. पिराजी उठला. सासूबाईंनी पुढच्या खोलीतून विचारले, कोण आहे. मी सांगितले, केंद्रातला पिराजी. त्या म्हणाल्या, त्याला म्हणावे दार लावून जा, गार वारा येतो. त्याने दार लावले.

खोली त्या गोठ्यावरच्या गड्याला मिळाली. पिराजी शिवाजीनगरहून बसने येत राहिला.

त्या दिवशी संध्याकाळी मी लिहिले: यांचा ताप उतरला. तुरीची डाळ उन्हात घातली होती ती काढून डब्यात भरली.